लेहच्या झुडपाचा चहा

आखातातल्या रास अल खोरच्या गोदामात मृणालिनीने तिसरं पोतं उघडलं आणि मूठभर पानं टेबलावर पसरली. पाठ चंदेरी होती, पण पान जाड, चिवट. तिने एक चावून पाहिलं. ऑलिव्हचं पान.

"गुणवंत, हे सीबकथॉर्न नाही."

गुणवंतने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "माहितीये. दोन महिने हेच चाललंय. दोन हजार नऊ आहे, मृणाल. निम्मी हॉटेलं रिकामी पडलीयेत. लेहहून माल आणणं खलास."

"आणि क्वालिटीची सर्टिफिकेटं?"

"तुझी सही स्कॅन करून ठेवलीये ना."

पुण्याच्या कॉलेजात दोघं बॉटनीला एकाच वर्गात होती. चहाची कंपनी काढल्यावर त्यानेच तिला क्वालिटी इन्चार्ज म्हणून बोलावून घेतलं. ती स्वतः लेहला गेली. नदीकाठच्या सीबकथॉर्नच्या रानटी काटेरी झुडपाची पानं कशी खुडायची, सावलीत किती वाळवायची, हे तिथल्या बायकांकडून शिकली. हातभर ओरखडे घेऊन परतली, तेव्हा गुणवंतने पहिला कप सगळ्यांसमोर तिच्या हातात दिला होता.

"मी हॉटेलांना सांगणार आहे," ती म्हणाली.

"तुझा व्हिसा कंपनीचा आहे. इराची शाळा चालू आहे. घरी जा, शांतपणे विचार कर."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लिनेटसमोर बसली होती. लिनेट वसईची, एका मोठ्या हॉटेलची परचेस मॅनेजर. मृणालिनीच्या शब्दावर तिने हा चहा मेन्यूत घेतला होता.

लिनेटने स्क्रीन तिच्याकडे वळवली. गुणवंतचा मेल होता. क्वालिटी इन्चार्जने परस्पर भेसळ केली, तिला कामावरून काढलं आहे, क्षमस्व. वेळ सकाळी सव्वासातची.

साडेसातला त्याने मृणालिनीला फोन केला होता. "झोप लागली ना नीट?" असं विचारलं होतं.

मृणालिनीने मेल दोनदा वाचला. मग कुठल्या आठवड्यातला माल, कुठले बॉक्स, सगळं सांगितलं.

"मला तुझं खरं वाटतंय गं," लिनेट म्हणाली. "पण कागदावर सही तुझी आहे."

"हो. म्हणूनच मी आले. तो माल पाहुण्यांना देऊ नकोस."

खाली रस्त्यावर उन्हाने डोळे दिपले. शाळेच्या बसमधून लेकीचा, इराचा फोन आला. "मम्मा, व्हेअर आर यू?"

"कामावर," ती म्हणाली.

अजून अकरा हॉटेलं राहिली होती. मेल तिथेही पोचला असणार. तिने टॅक्सीला हात केला, आत बसली आणि पुढच्या हॉटेलचं नाव सांगितलं.