एका उडीसाठी थांबलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण माझ्यावर रेलून कुणी चहा प्यायला नाही की कुणी पेंगला नाही. मी लढाऊ विमानातली खुर्ची. विमान बिघडले, आता ते वाचत नाही असे दिसले, की वैमानिकाने माझी पिवळी-काळी मूठ ओढायची. मग माझ्या पोटातली काडतुसे पेटतात, आणि मी त्याला घेऊन विमानातून बंदुकीच्या गोळीसारखी वर उडते. वर गेले की त्याला सोडून देते, त्याची छत्री उघडते आणि तो खाली उतरतो. सगळ्या आयुष्यात मला एवढे एकच काम, आणि तेही एकदाच. ते जमले तर जमले. चुकले तर पुन्हा करून दाखवायची सोय नाही.

म्हणून सांगते, मी जन्मभर घाबरत आले.

माझा जन्म दूरच्या देशातल्या कारखान्यात झाला. तिथल्या बायामाणसांनी माझा एकेक पट्टा ओढून पाहिला, एकेक खिळा ठोकून पाहिला. मग लाकडी पेटीत घालून मला या देशात पाठवले. ज्या विमानात मला बसवले ते तेव्हा कोरे करकरीत होते. ते आकाशात गेले की रस्त्यावरची माणसे हातातले काम टाकून वर बघत. पाहुणे आले की त्यांना आमच्याच विमानाजवळ आणून उभे करत. कौतुकाला काही तोटा नव्हता.

माझा पहिला वैमानिक उंच, अबोल तरुण होता. पुढे तो मोठा अधिकारी झाला, म्हणून मी त्याला साहेबच म्हणते. सगळे म्हणत, या माणसाला भीती ठाऊकच नाही. मला मात्र ठाऊक होते. माणसाचे तोंड खोटे बोलते, डोळेही शिकवले तर खोटे बोलतात, पण पाठ खोटे बोलत नाही. धावपट्टीवरून चाक सुटायच्या क्षणी साहेबांची पाठ माझ्यावर लाकडासारखी ताठ होई. उतरल्यावरच ती सैल पडे. मला ते बरे वाटे. निदान घाबरायला सोबत होती.

माझी देखभाल करणारा कारागीरही तेव्हा तरुणच होता. विमाने ठेवायच्या हँगरच्या टोकाला त्याची लहानशी खोली होती. तिथे मला विमानातून उतरवून तो उलटीपालटी करून तपासायचा. कुठे धूळ, कुठे गंज, कुठे पट्ट्याचा एक दोरा उसवलेला. त्याच्या नजरेतून काही सुटत नसे. दुसऱ्याने तपासलेले तो पुन्हा तपासायचा आणि नाक मुरडायचा. म्हणून वैमानिक पाठीमागे त्याला ‘सासूबाई’ म्हणत. पुढे त्यालाही ते कळले. काही दिवस रुसला, मग त्या नावाला ओ देऊ लागला.

वर्षे गेली. साहेब वरच्या पदावर गेले, वैमानिक बदलले, आणि आम्ही म्हातारे झालो. आमच्यासोबत आलेली विमाने एकेक करून कमी होऊ लागली. काहींचे सुटे भाग काढून दुसऱ्यांना लावले. काही सकाळी गेली ती परतली नाहीत. अशाच एका विमानात माझ्यासोबतच्या पेटीतून आलेली खुर्ची होती. तिच्या वैमानिकाने मूठ ओढली की नाही, ओढली तर ती उडाली की नाही, हे आम्हाला कधी कळले नाही. सासूबाई त्या संध्याकाळी खोलीत आला, दिवा लावला, आणि हातरुमालाने तीच तीच पकड पुसत बसला.

तेव्हापासून हवाई दलात एकच विषय होता. नवी विमाने घ्यायची. कुठली, कुणाकडून, कधी? त्यासाठी समिती नेमली. वेगवेगळ्या देशांनी आपली विमाने चाचणीला पाठवली. ती आमच्याच हँगरमध्ये येऊन थांबत. चकचकीत, ऐटबाज. आम्ही त्यांच्याशेजारी लग्नघरातल्या जुन्या बाकासारखे दिसत असू. पण त्यांचेही काही सरळ नव्हते. एकाचे इंजिन उन्हात तापून रुसले. दुसरे डोंगरातल्या थंडीत सकाळी जागेच होईना. तिसरे सगळीकडे पास झाले, तर विकणारे म्हणू लागले, विमान देऊ, दुरुस्तीची विद्या देणार नाही. बोलणी फिसकटली. मग सरकार बदलले आणि पहिल्यापासून मोजमापे सुरू झाली.

तोवर उडायचे कुणी? आम्हीच.

त्यातच माझ्या काडतुसांची मुदत संपली. ती बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. मग साठ्यातली थोडी काडतुसे काढून उडवून पाहिली. ती नीट पेटली, म्हणून बाकीच्यांचे आयुष्य वाढवले. सगळ्यांना हायसे वाटले. मला नाही वाटले. जी उडवून पाहिली ती चांगली होती. माझ्या पोटात जी होती ती कुणी उडवून पाहिली नव्हती.

अशा दिवसांत माझ्यावर एक नवी पाठ टेकली. बारीक, पण तशीच ताठ. मी दचकलेच. ती साहेबांची लेक होती. बापाने चालवलेले विमान आता लेक चालवणार, म्हणून तुकडीतले सगळे तिला ‘वारसदार’ म्हणून चिडवत. ती हसून म्हणायची, “लोकांना वारशात घर मिळतं, शेत मिळतं. मला हा डबा मिळाला.”

आणि साहेब? ते नवी विमाने निवडणाऱ्या समितीत होते.

एका दुपारी ते हँगरमध्ये आले. केस पांढरे झाले होते. शिडी हळूहळू चढून त्यांनी माझ्या माथ्यावर हात ठेवला. मग खाली उभ्या असलेल्या सासूबाईला विचारले, “काडतुसं कधीची आहेत?”

“मुदत वाढवलेली आहेत, साहेब.”

“चालतील?”

“कागदावर चालतील.”

“तुला काय वाटतं?”

सासूबाईने हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाला, “साहेब, ते मला विचारू नका. मी रोज हिला साफ करतो, रोज तपासतो. आत काय आहे ते मलाही दिसत नाही.”

तेवढ्यात लेक आली. सासूबाई काहीतरी निमित्त काढून बाजूला झाला. ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसली आणि बापाकडे वर बघून म्हणाली, “बाबा, आई म्हणत होती, तुम्ही झोपत नाही.”

“चाचणी पुन्हा घ्यावी लागणार आहे,” साहेब म्हणाले. “विमान चांगलं आहे, पण थंडीत इंजिन धरत नाही. सगळे म्हणतात, म्हातारा खुसपटं काढत बसलाय. सही केली तर वर्षा-दोन वर्षांत विमानं येतील.”

“मग?”

“मग काय? डोंगरातल्या तळावर एखाद्या पोराला तेच विमान घेऊन उठावं लागेल. आणि ते नाही उठलं तर? घाई केली तर तो जाईल. उशीर केला तर...”  माझ्या माथ्यावरचा हात तेवढा घट्ट झाला.

“नका करू घाई,” लेक म्हणाली. मग हळूच म्हणाली, “बाबा, तुम्हाला भीती वाटायची? मला वाटते. रोज. शिडी चढताना पायऱ्या मोजत जाते. बाकीच्यांना सांगता येत नाही.”

“नाही वाटायची,” साहेब म्हणाले.

मी मनात म्हटले, साहेब, निदान माझ्यासमोर तरी खोटे बोलू नका.

तेही बहुधा तसेच काहीसे मनात म्हणत असावेत. ते शिडी उतरले, लेकीशेजारी पायरीवर अंग चोरून बसले आणि म्हणाले, “वाटायची. चाक सुटलं की पाठ ताठ व्हायची. तुझ्या आईला कधी बोललो नाही.”

लेकीने डोके त्यांच्या खांद्याला टेकवले. 

“एक ऐक माझं,” साहेब म्हणाले. “इंजिन बंद पडलं तर विमान वाचवायच्या नादाला लागू नकोस. विमानं कमी आहेत, हे गेलं तर आणखी एक कमी होईल, असलं काही डोक्यात आणू नकोस. विमान आणायचं काम माझं आहे.”

“बरं.”

“बरं नको. मूठ ओढेन म्हण.”

“ओढेन, बाबा.”

मित्रांनो, त्या दिवसानंतर माझी भीती दुप्पट झाली. बापाने लेकीकडून शब्द घेतला होता. पण तो शब्द पाळायचा होता मला.

पुढे काही आठवड्यांनी, स्वच्छ ऊन पडलेल्या सकाळी आम्ही नेहमीसारखे उडालो. मूठ चुकून ओढली जाऊ नये म्हणून लावलेली माझी लाल फितीची पिन सासूबाईने काढली, लेकीचे पट्टे ओढून पाहिले, तिच्या हेल्मेटवर टिचकी मारली आणि खाली उतरला. धावपट्टी मागे पडली. घरे लहान झाली. आणि एकाएकी पायाखालचा तो ओळखीचा धडधडाट थांबला.

तो थांबल्यावर जी शांतता पसरली, तिच्याइतके भयंकर मी काही ऐकलेले नाही. फक्त वाऱ्याची शीळ. लेकीने खालच्या माणसांना दोन शब्दांत सांगितले, इंजिन गेले. आवाज अगदी साधा होता. पाठ मात्र थरथरत होती. तिने इंजिन पुन्हा सुरू करून पाहिले. ते खोकले आणि बसले. जमीन वर येऊ लागली. खालून रेडिओवर कुणीतरी ओरडत होते, बाहेर पड, बाहेर पड. तिचा हात पुन्हा इंजिन सुरू करायच्या बटणाकडे गेला.

मला तोंड असते तर मी किंचाळले असते. अगं, सोड ते! तुझा बाप आणेल दुसरे!

हात बटणावर थबकला. मग तिने पाठ माझ्यावर सरळ दाबली, डोके मागे टेकवले आणि मूठ ओढली.

काही झाले नाही.

तो काळ किती होता, कुणास ठाऊक. पापणी लवायलाही पुरला नसता. पण माझे सगळे म्हातारपण त्यात मावले. मला वाटले, संपले, आपल्या पोटातली काडतुसे मेलेलीच होती. मग डोक्यावरची काच निघून गेली, पोटात आग पेटली, आणि आम्ही वर उडालो. खाली आमचे विमान नाक खुपसत जाताना मला दिसले. वर गेल्यावर पट्टे सुटले. तिला सोडणे हेच माझे शेवटचे काम. मी तिला सोडले आणि दगडासारखी खाली आले. तिची छत्री उघडली की नाही, ते मला दिसले नाही.

मी एका वीटभट्टीच्या आवारात पडले. वाळत घातलेल्या कच्च्या विटांच्या रांगेत तोंड खुपसून. थोड्या वेळाने एक बाई आणि तिचा नवरा जपून जवळ आले. बाईने माझे लोंबणारे पट्टे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

“अहो, याच्यावर माणूस होतं,” ती म्हणाली. “मग ते गेलं कुठं?”

दोघे आकाशाकडे बघत धावत सुटले. मी तिथेच राहिले. दूर आमच्या विमानाचा काळा धूर वर चढत होता. दुपारी शिपाई आले, त्यांनी माझ्याभोवती दोरी बांधली आणि पाठमोरे उभे राहिले. एकजणही तिच्याविषयी अवाक्षर बोलला नाही. आणि मी म्हणत राहिले, बाईचा प्रश्न बरोबर आहे. ते माणूस गेले कुठे?

ऊन कलताना सासूबाई आला. त्याने माझ्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्यांत बोट घालून पाहिले, मग चिखलात बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. माझ्या काळजात चर्र झाले. इतक्यात त्याचा फोन वाजला. त्याने बाहीने नाक पुसले.

“हो साहेब, तिच्यासमोरच बसलोय... सगळी पेटली, साहेब. एकही राहिलं नाही... काय म्हणतात डॉक्टर पाठीचं?... जेवल्या का त्या?... पेज का होईना, जेवल्या ना.”

जेवल्या. मित्रांनो, त्या एका शब्दाने मला कळले.

पण पाठीचे ऐकून माझा आनंद अर्धा झाला. मी उडते तेव्हा इतका जोराचा हिसका देते की मणके दबतात. जी पाठ मला सगळ्यांत ओळखीची होती, तिलाच मी दुखावले होते. लेक बरेच महिने पाठीला पट्टा लावून पडून होती. पुन्हा लढाऊ विमान चालवायला डॉक्टरांनी तिला परवानगी दिली नाही.

सगळ्यांना वाटले, आता साहेब डोळे मिटून सही करतील. त्यांनी केली नाही. लेकीच्या पलंगाजवळची खुर्ची सोडून ते डोंगरातल्या तळावर गेले आणि कडाक्याच्या थंडीत त्या विमानाची चाचणी पुन्हा घ्यायला लावली. बनवणाऱ्यांनी इंजिनात बदल केला. विमान पहिल्याच झटक्याला सुरू झाले, तेव्हा कुठे त्यांनी सही केली. हे मला सासूबाईने सांगितले. तो आजकाल माझ्याशी बोलतो. लोक म्हणतात, म्हातारपणी त्याला चळ लागला.

नवी विमाने आली त्या दिवशी लेक काठी टेकत धावपट्टीच्या कडेला उभी होती. साहेब तिच्या मागे. ती रडली का, ते मला माहीत नाही. मी तेव्हा वर्गात होते.

हो, आता मी वर्गात असते. नवे वैमानिक इथे शिकायला येतात आणि लेक त्यांची शिक्षिका आहे. माझ्या पोटात आता काही नाही. ती एकेकाला माझ्यावर बसवते आणि मूठ ओढायला लावते. कुणी हसत ओढली की म्हणते, “पुन्हा.” कुणी थबकला तरी म्हणते, “पुन्हा.” त्यांच्या पाठी मी ओळखून आहे. जो सगळ्यांत मोठ्याने हसतो त्याची पाठ सगळ्यांत ताठ असते.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुन्या वस्तूला जुनी म्हणून कोपऱ्यात ढकलू नका, आणि चालते आहे म्हणून तिच्याकडे पाठही फिरवू नका. तिला उघडून बघा, पुसा, तिची दुखणी विचारा. तुम्ही मोठे झाल्यावर एखादी नवी गोष्ट निवडायचे काम तुमच्याकडे आले, तर ती नीट पारखून घ्या, पण पारखायच्या कामात एक दिवसही आळसात घालवू नका. नवे येईपर्यंत जुन्यावर कुणीतरी बसलेले असते.

नवी विमाने अजून सगळ्या तळांवर पोचलेली नाहीत. जुनी काही अजून उडतात, आणि त्यांत माझ्या बहिणी आहेत. आताच त्यांतले एक वर्गाच्या छपरावरून गेले. लेक फळ्याशी बोलता बोलता थांबली आहे. ते उतरल्याचा आवाज येईपर्यंत इथे कुणी बोलत नाही.