खुर्चीतले काका

कागदावर पूल काढणं सोपं असतं, पुलावरची माणसं जीव खातात. मंजुरी देणाऱ्या समितीला नकाशा कळत नाही, चित्र कळतं. म्हणून आमच्या कचेरीत प्रत्येक चित्रात तयार माणसं चिकटवतात: धावणारी मुलगी, फुगेवालं पोर, हातात हात घातलेलं जोडपं. वर्षानुवर्षं हीच मंडळी आमच्या सगळ्या पुलांवर हिंडतायत आणि एकाचाही केस पिकलेला नाही.

ओढ्याकाठच्या हरितपट्ट्याचं काम माझ्याकडे आलं. दोन्ही काठांना पायवाटा, मध्ये पादचारी पूल. या वेळी चित्रात मी बाबांना घातलं. बाबा चाकाच्या खुर्चीत असतात. त्यांचे जिवलग मित्र शिंपीकाका ओढ्यापलीकडे राहतात, आणि त्यांनाही गुडघ्यांनी घरी बसवलंय. दोघं फोनवर बुद्धिबळ खेळतात, दोन्ही घरी पट मांडून. शिंपीकाका आपल्या पटावर हळूच प्यादी सरकवतात, असा बाबांचा ठाम संशय आहे. एकदा तिकडे जाऊन त्यांना रंगेहाथ पकडायचं, एवढीच बाबांची इच्छा. त्यासाठी पुलाला दोन्हीकडून रॅम्प हवा होता. फोटोआधी बाबांनी माझ्याकडून भांग नीट पाडून घेतला.

बैठकीत चित्र भिंतीवर झळकलं. बराच वेळ चित्रातल्या कुत्र्यावर गेला, कारण त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता. मग एका ताईंना जोडपं जरा जास्तच जवळ वाटलं. मी तिथल्या तिथे दोघांच्या मध्ये झुडूप लावलं. ओढ्याला पूर आला तर काय, हे कुणी विचारलं नाही.

शेवटी अध्यक्षांची नजर रॅम्पवर गेली. चढ सौम्य ठेवायचा तर रॅम्प लांबलचक होतो, त्याला इलाज नाही. त्याच्याआड फुलांचा ताटवा जात होता, आणि मुख्य म्हणजे अध्यक्षांच्या नावाची कोनशिला.

"रॅम्प काढा," ते म्हणाले. "पण ते खुर्चीतले काका राहू द्यात. त्यांच्यामुळे पूल कसा सगळ्यांचा वाटतो."

पायऱ्याच असतील तर काका वर पोचले कसे, असं मी विचारलं.

"चित्रात चालतं हो."

आमच्या साहेबांनी टेबलाखाली माझा पाय दाबला. तरी मी रॅम्प पुन्हा पुन्हा पाठवला, कधी मागून वळवून, कधी झाडीत लपवून. दर वेळी रॅम्पवर काट मारून आणि कुत्र्याबद्दल नवी सूचना घेऊन चित्र परत आलं.

पायऱ्या झाल्याचं मी बाबांना सांगितलं होतं. तरी उद्घाटनाला ते आलेच. पुलाच्या दोन्ही टोकांना तेच चित्र भलंमोठं करून लावलं होतं, मधोमध बाबा. लोक ओळखून त्यांच्याबरोबर फोटो काढू लागले. अध्यक्षांनीही काढला, खांद्यावर हात ठेवून, आणि मग ते पायऱ्या चढून गेले.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून तो स्पीकरवरच असतो. शिंपीकाकांच्या गॅलरीसमोरच पलीकडचा फलक होता, आणि त्यांची नजर आता अधू झालीय.

"दिसलास रे पुलावर," ते म्हणाले. "खुर्ची ओळखली तुझी. पण मघापासून तिथंच काय थांबलायस? ये की."

बाबांनी फलकाकडे पाहिलं, मग पायऱ्यांकडे.

"येतोय," ते म्हणाले. "पट मांडून ठेव. आणि प्यादी हलवू नकोस."

फोन खिशात ठेवून त्यांनी मला घरी चल म्हणून सांगितलं. मला इतका राग आला होता की रडूच फुटलं. वर टाळ्या चालू होत्या. मी खुर्ची वळवली.