असाएल टटलची साक्ष

आमच्या कनेटिकटच्या गावात नवी शाळा निघाली, तेव्हा मुख्याध्यापक कोण यावर वाद नव्हता. असाएल टटल. विधानसभेत गावाचा प्रतिनिधी, लॅटिनचा पंडित. अडचण एकच. मुख्याध्यापक चर्चचा पूर्ण सभासद हवा, आणि त्यासाठी रविवारी सगळ्यांपुढे उभं राहून देवाची कृपा आपल्याला कशी लाभली ते सांगायचं. असाएलला ती लाभलेलीच नव्हती.

"सांग की काहीतरी," मी म्हटलं. मी दुकानदार, माल कुणाचा, कुठून आला, ते मला कळतं. "सगळे सभासद तेच करतात. पोमरॉयनं साक्षीत सांगितलेली वीज मुळात त्याच्या मेव्हण्यासमोर पडली होती. थ्रॉलबाईंचे अश्रू त्यांच्या आईचे. सगळा उसना माल, बाबा."

"देवाच्या घरात खोटं बोलू?"

"मग शाळा बोस्टनहून अर्ज आलेल्या त्या पोराकडे गेली म्हणून समज."

असाएलच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. त्याची बायको केझाया वैतागली. "अहो, बसा एका जागी! जमिनीच्या फळ्या झिजतील."

रविवारी तो बाकाची पाठ घट्ट धरून उभा राहिला. "पोरपणापासून शोधतोय. काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. कृपा लाभली असं मला म्हणता येत नाही." मग शाळेवर पाणी सोडल्यासारखा मटकन खाली बसला.

थ्रॉलबाईंनी नाक ओढलं. पाद्री वॉडम्स खाली उतरून आले. "देवानं तुला टाकलंय, अशी तरी खात्री आहे?"

"नाही. तीही नाही."

"म्हणजे आशा आहे?"

असाएल अडखळला. "असावी."

झालं! आमच्याकडे 'खात्री आहे' म्हणणाऱ्याचाच संशय घेतात. पोमरॉय आधी तसं म्हणाला आणि कितीतरी दिवस सभासद न होता बाहेर राहिला. चालतो तो शब्द एकच, आशा. असाएलला सभासद करून घ्यायला सगळे हात वर झाले.

"अहो, पण मी तर नाही म्हणालो!"

"बघा," पाद्री गहिवरले, "केवढी ही नम्रता!"

शाळा उघडली. पहिल्या सकाळी जमलेल्या गावासमोर प्रार्थनेला असाएल डोळे मिटून उभा राहिला आणि त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. मुलं एका डोळ्यानं बघत होती. मागे थ्रॉलबाई कुजबुजल्या, "किती खोल गेलेत हो!"

बाहेर येऊन त्यानं माझी बाही धरली. "मी खरंच बोललो होतो ना?"

"शब्दन् शब्द."

"मग चोरी केल्यासारखं का वाटतंय?"

घंटा झाली. तो दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा दाराकडे वळला.