होयबाचं पहिलं ‘नाही’

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही एका उंच फिरत्या खुर्चीत बसला आहात. गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलंय, मान खाली घातलीय आणि कानामागे वस्तरा फिरतोय. अशा वेळी तुम्ही वाद घालाल का? नाही ना? मग हेही लक्षात घ्या, की वस्तरा धरणाराही वाद घालत नाही. गिऱ्हाईक चिडून वळलं, तर कानाची धडगत नाही.

आपल्या गोष्टीतले कात्रीकाका असेच. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी गिऱ्हाइकांच्या डोक्यावर हात ठेवून ‘हो, बरोबर आहे तुमचं’ म्हणण्यात घालवली होती. एक जण म्हणे, उन्हाळा फार कडक आहे. काका म्हणत, हो ना. दुसरा म्हणे, यंदा उन्हाळा जाणवलाच नाही. काका म्हणत, अगदी. भिंगरी, म्हणजे त्यांची चौथीतली मुलगी, शाळा सुटली की दुकानातल्या बाकावर गृहपाठ करत बसे. बाबा दिवसभरात किती वेळा मत बदलतात, याचं तिला आता नवलही वाटत नसे.

तर या कात्रीकाकांना लोकांनी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं केलं.

कारण तसंच होतं. गल्लीच्या तोंडाशी नवी उंच इमारत झाली, तेव्हापासून नळाला करंगळीएवढी धार येऊ लागली होती. रस्त्यावर गाड्या अशा अडकत, की पायी जाणारा माणूस हॉर्न ऐकून बहिरा होई. आता मोकळं उरलं होतं ते गल्लीमागचं एकच मैदान. त्याचं काय करायचं, हे निवडून येणाऱ्याच्या शब्दावर ठरणार होतं. “आपली वस्ती वाढू दे, पण शहाणपणानं वाढू दे,” असं म्हणत काका उभे राहिले. वाक्य सगळ्यांना आवडलं. शहाणपण म्हणजे काय, ते ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं ठरवलं.

ठेकेदार दाढी करायला आले. “काका, शहाणपण म्हणजे मैदानावर एक छान इमारत. बरोबर?”

“बरोबर,” काका म्हणाले. वस्तरा गळ्याशी होता.

दातांचे डॉक्टर केस कापायला आले. “खरी गरज गाड्या उभ्या करायला जागेची आहे. अख्खं मैदान मोकळंच तर पडलंय.”

“हो, खरंच की.”

हार्डवेअरच्या दुकानाचे शेठ तर डोक्याला मालीश घेता घेता डोळे मिटूनच बोलले, “कडेनं पक्की दुकानं. मला कोपऱ्यातलं.”

“कोपरा तुमचाच,” काका म्हणाले आणि शेठ तिथेच घोरू लागले.

भिंगरीनं वहीतून डोकं वर काढलं. “बाबा, मैदान एकच आहे ना?”

“तू पाढे म्हण,” बाबा म्हणाले.

त्या गल्लीत एकच मोठा माणूस असा होता, की ज्याला काकांनी कधी ‘हो’ म्हटलं नव्हतं. ते म्हणजे नळआजोबा. पाणीपुरवठ्यात नोकरी करून निवृत्त झालेले. डोक्यावर एक केस नाही, म्हणून खुर्चीत बसायचा प्रश्नच नाही. दुकानात यायचे ते फुकटचा पेपर वाचायला. त्या दिवशी त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि चक्क खुर्चीत जाऊन बसले.

“मधोमध भांग पाड.”

“हो, पाडतो की,” काका म्हणाले. कंगवा उचलला, आणि तो गुळगुळीत टाळूवर टेकल्यावर मगच थांबले.

भिंगरी बाकावरून खाली पडली, इतकी हसली.

“बघितलंस?” आजोबा म्हणाले. “तुला ‘नाही’ म्हणताच येत नाही. अरे, पावसाचं पाणी त्या मैदानात मुरतं, म्हणून गल्लीच्या विहिरीत टिकतं. नळ रुसला की आपण विहिरीवर जातो. ते मैदान झाकलंस, तर नव्या इमारतीतल्या लोकांनी प्यायचं काय?”

“पण आजोबा, माणसं दुखावतात हो. आणि मतं?”

“तुझ्या खुर्चीत एका वेळी एकच माणूस बसतो. म्हणून प्रत्येकाला वाटतं, मैदान आपलंच. सगळ्यांना एकदम बोलाव, मैदानावरच. आणि ‘नाही’ म्हणायची सवय कर. म्हण बघू.”

“ना... म्हणजे, तसं बघायला गेलं तर...”

घरी काका आरशासमोर उभे राहून सराव करू लागले. भिंगरीची आई म्हणाली, “दुकानासाठी सामान आणायला निघतेय. भाजी आणायची का?” काका आरशात बघत ठणकावून म्हणाले, “नाही.” त्या दिवशी सगळ्यांनी कोरडा भात खाल्ला. “सराव बाहेर करा,” आई म्हणाली.

रविवारी सभा भरली. येताना प्रत्येकजण आपली जागा आखून घ्यायच्या तयारीनं आला. ठेकेदारांनी दोन माणसांच्या हातात दोरी देऊन इमारतीची हद्द धरायला लावली. डॉक्टरांनी गाडीच आणून उभी केली. शेठनी कोपऱ्यात खुर्ची मांडली आणि गल्ल्यावर बसल्याच्या तोऱ्यात बसले.

“डॉक्टर,” ठेकेदार म्हणाले, “तुमची गाडी माझ्या स्वयंपाकघरात उभी आहे.”

“मग चहा टाका,” डॉक्टर म्हणाले. “मला काकांनी शब्द दिलाय.”

“शब्द मला दिलाय.”

“कोपरा सोडून काय हवं ते घ्या,” शेठ बसल्या जागेवरून ओरडले, “पण तुमची ती दोरी माझ्या पोटावरून जातेय, ती आधी काढा.”

मग सगळे एकदम काकांकडे वळले. इतकी डोकी समोर, आणि एकही पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं नाही! ओठांवर नेहमीचा ‘हो’ येऊन बसला होता. पण तो द्यायचा कुणाला?

तेवढ्यात भिंगरी आणि तिच्या मैत्रिणी मैदानाच्या मध्यावर, सगळ्यांत खोलगट जागी जाऊन उभ्या राहिल्या. “बाबा, आमचा झोपाळा इथेच ना? काल हो म्हणालात तुम्ही.”

काकांनी त्या खोलगट जागेकडे पाहिलं. पाणी तिथेच साचून मुरायचं. मग त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. किती आशेनं बघत होती ती!

“नाही,” काका म्हणाले.

भिंगरीचा चेहरा उतरला. पण आता शब्द बाहेर पडला होता.

“मी चुकलो,” ते म्हणाले. “तुम्हाला खूश ठेवायच्या नादात मी एकच मैदान चौघांना वाटलं. माझ्या हातून केस जास्त कापले गेले, तर महिन्यात वाढतात. तोवर माणूस टोपी घालून हिंडतो. मैदानावर एकदा सिमेंट ओतलं, की काय वाढणार? इमारत हवी, दुकानं हवीत, गाड्यांना जागाही हवी. पलीकडे ते बंद पडलेलं गोदाम आहे. तिथे बांधू. पण आधी पाणी किती पुरेल ते बघू, आणि तेवढेच मजले चढवू. मैदान मात्र मोकळंच राहील. माझ्या लेकीलाही मी नाही म्हटलंय. आता मत द्यायचं की नाही, ते तुम्ही बघा.”

“मग माझं मत विसरा,” म्हणत ठेकेदार दोरी गुंडाळून चालते झाले.

शेठ मात्र खुर्चीतून सावकाश उठले. “मी पाइप विकतो,” ते म्हणाले. “पाणीच नसलं, तर पाइपचा काय मी हार करून घालू?” लोक हसले. डॉक्टरांनी कुणी न सांगता गाडी मागे घेतली. ती काढताना मात्र पुन्हा अर्धी गल्ली अडकली, ते सोडा.

काका निवडून आले, पण अगदी थोडक्यात. ठेकेदार कितीतरी दिवस फिरकले नाहीत. मग एके दिवशी रागानं वाढलेली दाढी घेऊन आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “त्या गोदामाच्या जागी किती मजले?”

“पाण्याचा हिशोब झाला की सांगतो,” काका म्हणाले. वस्तरा गळ्याशीच होता, तरी ‘बरोबर’ म्हणाले नाहीत. ठेकेदार म्हणाले, “बरं. आधी पाणीच बघू.”

मुलांनो, सगळ्यांना ‘हो’ म्हणणारा माणूस गोड वाटतो, पण तो शेवटी कुणाच्याच कामाला येत नाही. गाव वाढायलाच हवं. पण त्याच्या जमिनीला आणि पाण्याला पेलेल तेवढंच. ते राखायचं, तर कधी आपल्याच माणसाला ‘नाही’ म्हणावं लागतं, आणि का, तेही नीट समजावून सांगावं लागतं.

आणि भिंगरी? सभेच्या दिवशी रात्री जेवायला बसेपर्यंत ती बाबांशी बोलली नाही. जेवतानाही फक्त “मीठ द्या” एवढंच म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती नळआजोबांना घेऊन मैदानावर गेली आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं, ते त्यांच्याकडून समजून घेतलं. मग मैत्रिणींना विचारलं, लहान भावंडांना घेऊन येणाऱ्या आयांना विचारलं, आणि धावत दुकानात आली.

“बाबा, भिंतीकडची उंचवट्याची जागा आहे ना, तिथे झोपाळा...”

बाबांनी तोंड उघडलं. भिंगरीनं चटकन त्यावर हात ठेवला.

“लगेच हो म्हणू नका. आधी येऊन बघा,” ती म्हणाली, आणि त्यांचं बोट धरून त्यांना दुकानाबाहेर ओढू लागली.