कादंबरीत रडलेला भाऊ

छापखान्यात त्याला तोंडावर सगळे काका म्हणत आणि पाठ वळली की लालशाई. काम मुद्रितं तपासायचं. खिडकीशी टेबल, टेबलावर तांबडी दौत आणि समोरच्या स्टुलावर बाई. बाईंनी लेखकाचं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, तेही विरामचिन्हांसकट: "तो आला, स्वल्पविराम, बसला, पूर्णविराम." काकांनी ऐकता ऐकता छापील कागदावरून टाक फिरवायचा आणि चूक दिसली की भोसकायची. भोसकायची हाच शब्द खरा. शिशाची अक्षरं जुळवणाऱ्या एखाद्या जुळाऱ्याचा खिळा चुकला तर समासात खूण करून त्यांचं समाधान होत नसे. त्याला जागेवरून उठवून टेबलापाशी बोलवायचं आणि बापानं शाळेत घातलं होतं की गोठ्यात, हे सगळ्यांदेखत विचारायचं. बाई विधवा होत्या. त्यांना तर दिवसाआड ऐकायला मिळे की तुमचा नवरा सुटला बिचारा, हा आवाज त्याला जन्मभर सोसावा लागला नाही. बाई मान खाली घालत आणि पुढचं वाक्य वाचत.

काकांना कायद्याची पुस्तकं प्रिय, शब्दकोश त्याहून प्रिय. कथाकादंबऱ्यांचा मात्र मनस्वी तिटकारा. रहस्यकथा म्हणजे शेवटचं पान आधी बघण्याची अक्कल नसलेल्यांची करमणूक. प्रेमकथा म्हणजे आईबापांपासून लपवलेले उद्योग. ऐतिहासिक म्हणजे मेलेल्यांच्या तोंडी घातलेली भाषणं, बिचारे उठून नाही म्हणू शकत नाहीत म्हणून. भुताच्या गोष्टी त्यातल्या त्यात बऱ्या, त्यात निदान लिहिणारा स्वतःही थोडा घाबरलेला असतो. जे घडलंच नाही त्यात चूक ती काय आणि बरोबर ते काय, असं ते म्हणत, आणि तरी प्रत्येक कादंबरी कायद्याच्या पुस्तकाइतक्याच काटेकोरपणे तपासत. देवानं माणसाला एखादी कला देताना सोबत मन द्यायचं विसरावं, तसं काहीसं त्यांचं झालं होतं.

तर एका सकाळी एक नवी कादंबरी तपासायला आली. लेखिका टोपणनावानं लिहिणारी, दूरच्या कुठल्या गावची. बाई वाचू लागल्या. बाप गेल्यावर थोरल्या भावानं वाढवलेली एक मुलगी. भाऊ तिला पाटीवर अक्षरं गिरवायला लावतो, एकेक अक्षर साधेपर्यंत जेवायला उठू देत नाही. मुलगी मोठी होते आणि चोरून वहीत गोष्टी लिहू लागते. एका गोष्टीतली नायिका एका माणसाबरोबर घर सोडून जाते. ती वही भावाच्या हाती लागते.

इथे काकांचा टाक थांबला. जळणाच्या खोलीचं ते दार, त्याला आतून नसलेली कडी, झरोक्यातून दिसणारी शेजाऱ्याची तुटकी शिडी. कागदावर ते सगळं जसंच्या तसं होतं.

ती मुलगी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. एकतीस वर्षांपूर्वी ती घरातून गेली ती गेलीच. काकांना बहीण होती हेसुद्धा छापखान्यात कोणाला माहीत नव्हतं. ते कळू नये, एवढंच आता त्यांना हवं होतं. त्या टेबलावर बसून त्यांनी साऱ्या दुनियेच्या चुका काढल्या होत्या. त्यांची स्वतःची चूक कोणाच्या हाती लागली असती, तर उद्यापासून त्या टेबलावर बसणार कोण?

गप्प बसले असते तर निभावलं असतं. कादंबरीतल्या भावाला ना नाव ना गाव, पुस्तक छापून गेलं असतं. पण बाईंनी पुढचं वाचलं.

"त्याने तिला रात्रभर कोंडून ठेवले, पूर्णविराम. पहाटे दार उघडून तो उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला, पूर्णविराम. अवतरण सुरू, मला क्षमा कर, अवतरण पूर्ण, स्वल्पविराम, तो म्हणाला, पूर्णविराम."

काकांच्या कानशिलाची शीर उडू लागली. रडला? लहान मुलासारखा? उभ्या आयुष्यात ते कोणापुढे रडले नव्हते, बाप गेला तेव्हाही नाही. आणि ही बया चारचौघांत त्यांना उंबऱ्यावर बसवून रडवते आहे. दुसरा कोणी असता तर मनातल्या मनात चरफडला असता. काकांचा हात मात्र तीस वर्षांच्या सवयीनं हलला. 'रात्रभर' खोडून त्यांनी समासात 'तीन दिवस' लिहिलं. रडण्याच्या वाक्यापासून क्षमेपर्यंत सरळ तांबडी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, असे घडले नाही.

बाईंनी मान वर केली. "काका, हस्तलिखितात रात्रभरच आहे. आणि ही कादंबरी आहे."

"कादंबरी झाली म्हणून वाटेल ते लिहायचं? असला भाऊ रडत नसतो. माणसाची पारख असते मला."

बाई पुढचं वाक्य वाचू लागल्या. तपासलेले कागद नेहमीप्रमाणे लेखिकेकडे मंजुरीला गेले.

खरं काय घडलं होतं ते आता सांगायलाच हवं. वहीतला तो माणूस कोण, असं भावानं दाराबाहेरून तीन दिवस विचारलं. कोणीच नाही रे दादा, गोष्ट आहे ती, असं ती तीन दिवस सांगत राहिली. गोष्ट म्हणजे काय हे त्याच्या डोक्यात शिरेना. वहीत आहे म्हणजे घडलेलं आहे, असा त्याचा हिशेब. तिसऱ्या दिवशी तहानेनं तिची जीभ टाळ्याला चिकटली, तेव्हा तिनं आणखी एक गोष्ट रचली. एक नाव सांगितलं, मनात आलं ते. दुर्दैवानं त्या नावाचा एक घड्याळजी दोन गल्ल्या सोडून राहत होता. त्यानं तिला कधी पाहिलंही नव्हतं. भाऊ त्याच्या दुकानात गेला आणि त्याच्याच टेबलाच्या खणात त्याच्या उजव्या हाताची बोटं घालून खण ढकलला. दोनदा.

पंधरा दिवसांनी कागद परत आले. लेखिकेनं दोन्ही दुरुस्त्या मान्य केल्या होत्या आणि चार नवी पानं जोडली होती. जुळाऱ्यांनी ती जुळवली आणि तपासायला टेबलावर आणून ठेवली. बाईंनी हस्तलिखित उचललं. पहिल्या पानाच्या माथ्यावर दोन ओळी होत्या. वाचायचं ते सगळं वाचायचं, एक टिंबही गाळायचं नाही, हा काकांनीच बाईंना रडवून शिकवलेला नियम.

"मुद्रितशोधकांस, स्वल्पविराम," बाई वाचू लागल्या, "तीन दिवस बरोबर आहे, पूर्णविराम. दादा, स्वल्पविराम, तुझं अक्षर ओळखलं, पूर्णविराम."

खिळ्यांची टिकटिक थांबली. एका जुळाऱ्याच्या चिमटीतला खिळा तसाच राहिला.

"हळू वाचा," काका म्हणाले.

"जुळाऱ्यांना ऐकू जाईल असं वाचायचं, असं तुम्हीच सांगितलंय," बाई म्हणाल्या, आणि घड्याळजीची चार पानं त्यांनी त्याच आवाजात वाचली. खणाशी आल्यावर त्या अडखळल्या, पण स्वल्पविराम काही गाळला नाही. बोटं मोडल्यावर घड्याळजी ओरडला नाही, नुसता विचारत राहिला की माझं काय चुकलं. त्यापुढे प्रश्नचिन्ह होतं. बाईंनी तेही म्हटलं. कुणी कामाला हात लावत नव्हतं. काकांनी ज्याला गोठ्याची आठवण करून दिली होती तो जुळारी उठून टेबलाजवळ आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, आणि जा म्हणायची काकांना छाती झाली नाही.

चार पानांत चूक सापडली नाही. काकांनी पानं पुन्हा उलटून पाहिली.

"बाई, ते उंबऱ्यावरचं वाक्य. रडल्याचं. ते कुठंय?"

"ते तुम्ही काढलंत."

"तिनं लिहिलं होतं ना पण. तिला तसं वाटलं म्हणूनच लिहिलं असेल." त्यांचा आवाज कोणी ओळखला नसता. "ते असू द्यावं. पुस्तकाला बरं दिसतं."

बाईंनी टाक तांबड्या दौतीत बुडवून त्यांच्यापुढे धरला. "वाक्य परत घालायचं तर समासात कारण द्यावं लागतं, काका. काय लिहिणार? असे घडले होते?"

उभा असलेला जुळारी हसला, अगदी हलकंच. टाकाच्या टोकावरचा थेंब कागदावर पडला आणि पसरला. काकांनी हात पुढे केला नाही. बाईंनी टाक ठेवून दिला, पान उलटलं आणि घसा खाकरला.

"प्रकरण बारावे, पूर्णविराम."