रंग दिला, तेल नाही

टिक्! शांत घरात फरशीवर एक बटण पडलं आणि घरंगळत माझ्या पायाशी येऊन थांबलं. ते आईने उचललं नाही, लेकीनेही नाही. कालपासून या दोघी एकमेकींशी बोललेल्या नाहीत, आणि त्याचं कारण मी आहे. म्हटलं, आता आपणच बोलावं.

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालवायची. कारखान्यातून निघाले तेव्हा काळी कुळकुळीत होते आणि अंगावर सोनेरी वेल होती. तिथून थेट एका शाळेत आले, चॅपेलच्या मागच्या खोलीत. खोलीला एकच खिडकी, भिंतीवर लाकडी क्रूस आणि कोपऱ्यात कपड्यांची टोपली. माझ्यासमोर बसायच्या त्या सिस्टरांना सगळी शाळा सुई सिस्टर म्हणायची. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, पण मलाच म्हणायच्या, "चल गं म्हातारे, हात उचल. घंटा होईल."

घंटेची घाई का, ते सांगते. खेळाच्या तासाला मुली गणवेश काढून खुंट्यांवर टांगत आणि खेळाचे कपडे घालून मैदानावर जात. तेवढ्या चाळीस मिनिटांत सुई सिस्टर टोपली घेऊन खुंट्यांवरून फिरत. कुणाची बगल उसवलेली, कुणाचा फ्रॉक गुडघ्याच्या वर गेलेला. तेवढेच तीन-चार उचलून आणायच्या. आम्ही शिवायचो आणि घंटेच्या आत कपडा पुन्हा त्याच खुंटीवर. मुलीला वाटे, आईने सकाळीच शिवलं असेल, आपल्या लक्षात आलं नाही. आईला वाटे, शेजारच्या काकूंनी टाका घातला असेल. कुणी कुणाचे आभार मानत नसे, कारण कुणाचे मानायचे तेच ठाऊक नसे.

पहिल्या वर्षी आमची एक चूक झाली होती. विटलेला निळा फ्रॉक आम्ही नव्या दोऱ्याने शिवला. टाके उन्हात चमकले आणि वर्गाने त्या मुलीचं नाव ठेवलं 'पॅचवर्क'. ती आठ दिवस शाळेत आली नाही. तेव्हापासून सिस्टर दोऱ्याची रिळं खिडकीत उन्हात ठेवू लागल्या. रंग उडून कपड्याइतका जुना झाला की मगच दोरा माझ्या सुईत येई.

एकदा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सिस्टर, एवढं करता, वार्षिक अहवालात तुमचं नाव घालू या की."

सिस्टरांनी दोरा दातांनी तोडला. "घाला ना. पण मग ज्यांचे फ्रॉक शिवले त्यांचीही घालावी लागतील. चालेल?"

नाव घालायचं राहून गेलं.

मागच्या वर्षी सिस्टरांची नजर गेली. त्यांना वृद्ध सिस्टरांच्या आश्रमात पाठवलं. जाताना त्यांनी माझ्या चाकावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "काम थांबवू नकोस हं." मी एकटी कसं चालवणार, हे त्यांनाही कळत होतं.

खोलीवर 'सेवा कक्ष' अशी पाटी लागली. पालकांची एक समिती झाली आणि तिला एक अध्यक्षबाई मिळाल्या. त्या वाईट नव्हत्या, मित्रांनो. उत्साही होत्या, आणि तेच आमच्या मुळावर आलं. बैठका झाल्या, अहवाल झाले, पण वर्षभर सुई हलली नाही. माझ्या अंगावर फाईली रचल्या. मी गंजले. मग सेवा सप्ताह आला आणि अध्यक्षबाईंना मी आठवले. मला रंग दिला, तेल नाही. तुटलेला पट्टा तसाच ठेवून वर लाल फीत बांधली आणि मला व्यासपीठावर नेलं.

चौथीतल्या एका मुलीच्या आईचं नाव पुकारलं. ही बाई लॉन्ड्रीत दिवसभर चादरींच्या घड्या घालते. नवरा नाही. "एका गरजू मातेला आमची छोटीशी भेट," अध्यक्षबाई माईकवर म्हणाल्या आणि लेकीलाही वर बोलावलं. टाळ्या झाल्या, फोटो झाला. दुसऱ्या दिवशी तो फोटो माणसाएवढा होऊन शाळेच्या फाटकावर लागला.

या घरात आल्यावर मी त्या मुलीचा फ्रॉक पाहिला. लांबी वाढवायला खालची दुमड दोनदा सोडलेली. टाके माझेच होते! आजवर तिला कुणी काही म्हटलं नव्हतं.

आईने मला उघडलं, घासलं, नवा पट्टा घातला, तेल पाजलं. चार दिवसांत शेजारणींची कामंही येऊ लागली. आणि काल लेक दप्तर आपटून म्हणाली, "परत देऊन टाक ती."

"का गं?"

"सगळ्या मला मशीनवाली म्हणतात. 'ए मशीनवाली, माझ्या बाहुलीचा फ्रॉक शीव ना, फुकट हं!' मी नाही जाणार शाळेत."

"परत देते. आणि तुला जेवायला काय वाढू? ते पोस्टर?"

बोलून गेली आणि तिचंच तोंड उतरलं. तेव्हापासून हा अबोला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी सांगणार नाही. आमचा गंज तेलाने जातो. ज्याला काही द्याल, त्याची काळजी घ्या. त्याला उद्या त्याच फाटकातून आत जायचं असतं.

आता दारावर थाप पडली आहे. अध्यक्षबाईच आल्या आहेत, हातात फोन घेऊन.

"ताई, बिशपांकडे अहवाल पाठवायचाय. मशीन चालवताना एक फोटो हवा. अहो, कपडे कुठे बदलताय? रोजचेच बरे. आणि छोटीला बाजूला उभी करा. पुढच्या वर्षीच्या पुस्तकांचंही बघतोय हं आम्ही तिच्यासाठी."

आई माझ्यासमोर बसली. नाही म्हणायला तिचे ओठ हलले, पण पुस्तकं ऐकून मिटले. तिने लेकीला हाताला धरून जवळ ओढलं.

"हसा की जरा!" अध्यक्षबाईंनी फोन वर धरला.

लेक हसली नाही. कालपासून पहिल्यांदाच ती आईशी बोलली, तेही हळू आवाजात.

"आई, येशूने दोन आंधळ्यांना डोळे दिले ना, तेव्हा तो त्यांना म्हणाला, कुणाला कळू देऊ नका. धर्मशिक्षणाच्या तासाला शिकवलंय आम्हाला."

"हो गं. इकडे बघ आता."

"मग या तर सगळ्यांना सांगायला लावतायत. आपण नाही म्हटलं, तर या मशीन परत नेतील?"