सिनेगॉगच्या लॅपटॉपचा संताप

मित्रांनो, मला जुना लॅपटॉप म्हणून कोणी हिणवलं तर हल्ली काही वाटत नाही. पण आज माझं अंग तापलंय ते म्हातारपणामुळे नव्हे. मला राग आलाय, आणि तो मी बोलून दाखवणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. ऐन उमेदीची वर्षं मी एका दंतवैद्याकडे काढली. दिवसभर लोकांच्या किडक्या दाढा बघायच्या, दुसरं काय! पण तो मला मऊ फडक्यानं पुसायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचा. मग त्यानं नवा घेतला आणि मला सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला, देऊन टाकलं. तिथे मी वाचनालयाच्या कपाटात धूळ खात पडलो. माझं एक बटण उडालं, बिजागरी चिकटपट्टीवर आली, कोणी ढुंकून पाहिलं नाही. लोक ऑनलाइन जमायला लागले तेव्हा कुठे माझी आठवण झाली.

माझा ताबा कार्यक्रम सांभाळणाऱ्या बाईंकडे. बाई कष्टाळू, पण आपलंच खरं करणाऱ्या. परवा त्यांनी एका चित्रपटावर ऑनलाइन चर्चा ठेवली. वैर असलेल्या दोन समाजांतले खरेखुरे वादक एकत्र वाजवतात, असा तो जुना चित्रपट. त्यात सिनेगॉगचे व्हायोलिनवाले आजोबा आहेत, तरुणपणीचे. शेजारी त्यांचा पलीकडच्या समाजातला जिवलग, क्लॅरिनेट वाजवणारा. आजोबा त्याला फुंक्या म्हणतात. पुढे दंगली झाल्या आणि दोघांचं बोलणं तुटलं. आता आजोबांनी भाचीकरवी त्याला चर्चेचं आमंत्रण धाडलं होतं. तो आला तर इतक्या वर्षांचा अबोला संपणार होता.

चर्चा सुरू झाली. आजोबा आपल्या घरी, मांडीवर व्हायोलिन घेऊन बसलेले.

"बाई, माझा फुंक्या आला का हो?"

"नाही हो आजोबा. आले की घेते आत."

आणि माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात, आत घेईपर्यंत पाहुण्यांना थांबवतात त्या वेटिंग रूममध्ये, एक नाव केव्हाचं उभं होतं! बाईंनी ते वाचलंही होतं.

"हे कोण आणखी? नाव तर त्यांच्यातलं दिसतंय," त्या पुटपुटल्या. "राहू दे बाहेर. नसती ब्याद नको."

मागे एकदा अशाच ऑनलाइन सभेत भलतेच लोक घुसून शिवीगाळ करून गेले होते. भीती खोटी नव्हती, मान्य. पण अहो, फुंक्याचं खरं नाव काय, एवढं आजोबांना विचारायला काय धाड भरली होती?

नाही विचारलं. आत सगळे संगीत माणसं कशी जोडतं यावर तोंड भरून बोलत होते. एक काका म्हणाले, "सुरांना कुंपण नसतं," आणि बाईंनी मान डोलावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंखा घरघरवून मी त्यांचं लक्ष वेधू पाहिलं, तर पाठीत चापट मिळाली.

आजोबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर.

"राग धरलाय त्यानं," ते हळूच म्हणाले. "धरू दे बापड्याला." व्हायोलिन पेटीत ठेवून ते निघून गेले.

सगळे गेल्यावर बाईंनी कुतूहलापोटी ते नाव आत घेतलं. पडद्यावर एक म्हातारा आला. इस्त्रीचा कोट, हातात क्लॅरिनेट.

"संपलं का?"

"अं... हो. आपण कोण?"

"मी फुंक्या. त्याला सांगाल ना, मी सुरुवातीपासून बाहेर बसून होतो म्हणून?"

"सांगते, सांगते," बाई म्हणाल्या.

मग नवऱ्याला फोन लावला. "आता कशाला सांगू? सगळं माझ्यावरच शेकेल. नाही आले म्हणून समजू देत आजोबा." आणि माझं झाकण खाडकन बंद!

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतो, आम्हाला पुसा, आम्हाला जपा. मला नका पुसू. खुशाल भंगारात द्या. पण तुमच्यापैकी कोणाचं त्या आजोबांकडे जाणंयेणं असेल, तर आजच जा. त्यांना सांगा, तो आला होता. क्लॅरिनेट घेऊन आला होता. आम्हीच त्याला आत घेतलं नाही.